अण्वस्त्रांना कुंपण घालणारा मुत्सद्दी : अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस

फेब्रुवारी महिना उजाडला की वसईच्या ख्रिस्ती माणसाला नागासाकी आठवते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील त्या शहराच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होते आणि त्यांच्यासोबत मेक्सिको शहराचा एक तरुण फ्रान्सिस्कन बंधू होता, संत फेलिपे दे हेसूस. एक पूर्वेकडून आलेला, दुसरा पश्चिमेकडून. दोघांचेही रक्त एकाच मातीत मिसळले. पुढे साडेतीन शतकांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, त्याच नागासाकीवर अणुबाँब पडला. छळाच्या काळात दोनशेहून अधिक वर्षे गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या उराकामी भागातच तो फुटला आणि तेथील कॅथेड्रल आपल्या हजारो भाविकांसह क्षणार्धात नष्ट झाले.

संत गोन्सालोंच्या हौतात्म्यानंतर बरोबर ३७० वर्षांनी, फेब्रुवारी महिन्यातच, संत फेलिपेंच्या मेक्सिको शहरात एका करारावर सह्या झाल्या. आपल्या भूमीवर अण्वस्त्र बनवू देणार नाही, ठेवू देणार नाही, वापरू देणार नाही, असे त्या कराराने एका संपूर्ण लोकवस्तीच्या खंडप्रदेशाने जाहीर केले. जगात असे प्रथमच घडत होते. हा करार ज्यांनी चिकाटीने घडवून आणला, त्या अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांचे जीवन आज आपण पाहणार आहोत. अण्वस्त्रांचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकजण हताशपणे म्हणतात, की कागदाच्या चिटोऱ्यांनी कोठे बाँब थांबतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच त्या गृहस्थांचे आयुष्य खर्ची पडले. म्हणून त्यांचे चरित्र हे त्या प्रश्नाचेच चरित्र आहे.

बालपण आणि शिक्षण

अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांचा जन्म २० मार्च १९११ रोजी मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातील सामोरा या गावी झाला. त्यांच्या जन्माच्या चारच महिने आधी मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला होता. त्यांचे बाळपण त्या धामधुमीत गेले. ते पंधरा वर्षांचे असताना, १९२६ साली, सरकार आणि ख्रिस्तसभा यांच्यातील संघर्षाने सशस्त्र रूप धारण केले. चर्चमध्ये उघडपणे मिस्सा होणे बंद झाले आणि पश्चिम मेक्सिकोतील शेतकरी बंदुका घेऊन उभे राहिले. मिचोआकान हा त्या यादवीचा एक मुख्य प्रदेश होता. तीन वर्षांनी, १९२९ साली, रक्तपात थांबला तो वाटाघाटींनी. तो समझोता अपुरा होता, त्यानंतरही अन्याय घडले; तरी चर्चच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. शस्त्रे काय करतात आणि अपुरा का होईना, समझोता काय करू शकतो, हे त्या पिढीने घराच्या उंबरठ्यावरूनच पाहिले होते.

तरुण अल्फोन्सोंनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. नंतर ते पॅरिसला गेले आणि तेथून नेदरलँड्समधील हेग येथील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीत. १९३८ साली मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी परदेशी कंपन्यांच्या ताब्यातील तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि बलाढ्य देश संतापले. तेव्हा या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या अभ्यासकाने मेक्सिकोचे तेल आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयावर फ्रेंच भाषेत एक ग्रंथ लिहिला. दुबळ्या देशाकडे आरमार नसते, लष्कर बेताचेच असते; पण कायदा त्याच्या बाजूने उभा करता येतो, ही त्यांची धारणा तेथून पक्की झाली. ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९३९ साली ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले आणि त्यांची पहिली नेमणूक स्वीडनमध्ये झाली. दुसरे महायुद्ध नुकतेच पेटले होते. १९४१ साली ते मायदेशी परतले.

सनद आणि बाँब

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, तेव्हा मेक्सिकोच्या शिष्टमंडळात गार्सिया रोब्लेस होते. २६ जून रोजी सनदेवर सह्या झाल्या. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी अमेरिकेच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली आणि सात आठवड्यांच्या आत हिरोशिमा व नागासाकी ही शहरे भस्मसात झाली. जगाला युद्धापासून वाचविण्यासाठी लिहिलेल्या त्या सनदेत अण्वस्त्रांविषयी एक शब्दही नव्हता. जी गोष्ट अजून जगाला ठाऊकच नव्हती, तिच्याविषयी ती काय बोलणार?

पुढील सुमारे अकरा वर्षे, १९४६ ते १९५७, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात राजकीय विभागात काम केले. १९४७ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर नेमलेल्या विशेष समितीचे ते मुख्य सचिव होते. सभेत वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी काय बोलतात, यापेक्षा मसुद्यातील कोणत्या शब्दावर ते अडतात आणि कोणत्या शब्दावर मऊ पडतात, हे ओळखण्याची कला त्यांनी येथे आत्मसात केली. १९५० साली पेरू देशाच्या हुआना मारिया दे सिश्लो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे झाले. १९५७ साली ते पुन्हा मेक्सिकोच्या परराष्ट्र मंत्रालयात रुजू झाले आणि सागरी कायद्याविषयीच्या १९५८ व १९६० सालच्या परिषदांत त्यांनी भाग घेतला.

दरम्यान जगाचे चित्र भयानक होत चालले होते. अमेरिकेपाठोपाठ सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी बाँब तयार केले होते. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत, निदान चाचण्या तरी थांबवाव्यात, अशी मागणी केली. चाचण्यांना आवर घालण्यासाठी झालेल्या पहिल्या आवाहनांत भारताच्या या आवाहनाची गणना होते. पण चाचण्या चालूच राहिल्या.

तेरा दिवसांची काळरात्र

१९६२ साली गार्सिया रोब्लेस यांना मेक्सिकोचे राजदूत म्हणून ब्राझीलला पाठविण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात क्यूबाचे संकट उभे ठाकले. सोव्हिएत संघाने क्यूबाच्या बेटावर अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणून ठेवल्याचे अमेरिकेला समजले आणि दोन महासत्ता एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. तेरा दिवस जगाने श्वास रोखून धरला. अखेर २८ ऑक्टोबर रोजी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य झाले आणि अनर्थ टळला.

लॅटिन अमेरिकेच्या देशांना या प्रसंगातून एक कठोर धडा मिळाला. त्यांच्यापैकी कोणाकडेही बाँब नव्हता. तरीही त्यांच्या दाराशी अणुयुद्ध पेटण्याची वेळ आली होती, कारण दुसऱ्यांचे बाँब त्यांच्या अंगणात येऊन बसू शकत होते. या प्रदेशात अण्वस्त्रांना बंदी असावी, असा ठराव ब्राझीलने त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. मात्र तो मतास टाकला गेला नाही. ब्राझीलमध्ये असलेल्या गार्सिया रोब्लेस यांनी या कल्पनेचे मोल ओळखले आणि मेक्सिकोने ती हाती घ्यावी यासाठी त्यांनी खटपट केली. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष अदोल्फो लोपेस मातेओस यांना ती पटली. २९ एप्रिल १९६३ रोजी बोलिव्हिया, ब्राझील, चिली, इक्वेडोर आणि मेक्सिको या पाच देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी संयुक्त घोषणा केली, की लॅटिन अमेरिकेला अण्वस्त्रमुक्त करण्यासाठी आम्ही करार करू इच्छितो.

या घोषणेच्या अठराच दिवस आधी, ११ एप्रिल १९६३ रोजी, पोप जॉन तेविसावे यांनी जागतिक शांततेवरील आपले ‘पाचेम इन तेरिस’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले होते. शस्त्रांच्या समतोलावर खरी शांतता उभी राहू शकत नाही, ती परस्पर विश्वासावरच उभी राहते आणि अण्वस्त्रांवर बंदी घातली पाहिजे, असे त्यांनी त्यात शिकविले होते. क्यूबाच्या संकटात दोन्ही बाजूंना संयमाचे आवाहन करणारे ते वृद्ध पोप कर्करोगाने आजारी होते. जून महिन्यात त्यांचे निधन झाले. ऑगस्ट महिन्यात मॉस्को येथे हवेत, पाण्याखाली व अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. १९६३ हे वर्ष असे आशेचे होते.

अटींची गाठ आणि तिची उकल

घोषणा करणे सोपे असते. करार घडवणे अवघड. १९६४ साली गार्सिया रोब्लेस मेक्सिकोला परतले आणि परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि ज्या देशाने ही कल्पना प्रथम मांडली होती, त्याचाच उत्साह मावळला. करार तयार करण्यासाठी लॅटिन अमेरिकी देशांनी जो तयारी आयोग स्थापन केला, त्याचे अध्यक्षपद गार्सिया रोब्लेस यांच्याकडे आले. १९६५ ते १९६७ या काळात मेक्सिको शहरात त्याची चार अधिवेशने झाली.

सर्वांत मोठी अडचण होती ती करार लागू केव्हा व्हावा याची. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भावाभावांत तंटा असतो, तेव्हा गावकी बसते आणि प्रत्येक भाऊ म्हणतो, आधी त्याने मागे सरावे, मग मी सरेन. येथेही तेच झाले. ब्राझील आणि इतर काही देशांचे म्हणणे असे, की या प्रदेशातील झाडून सारे देश सामील झाल्याशिवाय, बाहेरच्या महासत्तांनी हमी दिल्याशिवाय आणि तपासणीची व्यवस्था पूर्ण झाल्याशिवाय करार लागू होऊ नये. मेक्सिकोचे म्हणणे असे, की एवढ्या अटी पुऱ्या होईपर्यंत थांबलो तर करार कधीच जन्माला येणार नाही. क्यूबा तर चर्चेपासून दूरच होता. ग्वांतानामो येथील अमेरिकी तळ परत मिळाल्याशिवाय आपण सामील होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

यातून जो मार्ग काढण्यात आला, तो करारविद्येच्या अभ्यासकांना आजही शिकविला जातो. कराराच्या २८व्या कलमात साऱ्या अटी तशाच ठेवण्यात आल्या. पण त्याच कलमात अशीही तरतूद करण्यात आली, की ज्या देशाची इच्छा असेल तो स्वतःपुरते या अटींवर पाणी सोडू शकेल आणि त्या क्षणापासून करार त्याला बंधनकारक होईल. ज्याला थांबायचे आहे त्याने थांबावे, ज्याला चालायचे आहे त्याला चालू द्यावे. कोणाचाही अपमान झाला नाही, कोणाचीही वाट अडली नाही. एकेक देश आत येत गेला आणि कुंपण हळूहळू पूर्ण होत गेले.

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को येथे हा करार सह्यांसाठी खुला झाला. त्या जागेच्या नावानेच तो ओळखला जातो. करारातील देशांनी अण्वस्त्रांची चाचणी, वापर, निर्मिती, स्वीकार, साठवण आणि तैनाती या साऱ्यांचा त्याग केला. अणुशक्तीचा शांततेसाठी वापर करण्याचा हक्क मात्र राखला. वचन पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणी मान्य करण्यात आली आणि देखरेखीसाठी १९६९ साली मेक्सिको शहरात एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. केवळ शब्दावर विसंबून न राहता शब्दाची पडताळणी करण्याची सोय करारातच होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्लातेलोल्कोची भूमी

त्लातेलोल्को ही जागा मेक्सिकोच्या इतिहासात दुःखाची आणि कृपेचीही आहे. १५२१ साली अस्तेक लोकांचा अखेरचा पराभव येथेच झाला. परंपरेनुसार १५३१ सालच्या डिसेंबर महिन्यात संत हुआन दिएगो धर्मशिक्षणासाठी त्लातेलोल्कोच्या वाटेनेच निघाले असता तेपेयाकच्या टेकडीवर त्यांना ग्वादालूपे मातेचे दर्शन घडले. तेथे अस्तेकांच्या देवळाचे अवशेष, दगडी चर्च आणि आधुनिक इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत.

करारानंतर दीड वर्षांनी, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, याच चौकात मेक्सिकोच्या सरकारी सैनिकांनी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार केला आणि अनेकांचे प्राण गेले. ज्या सरकारने जगापुढे शांततेचा आदर्श ठेवला होता, त्याच सरकारने आपल्या मुलांवर बंदूक रोखली. गार्सिया रोब्लेस तेव्हा त्याच सरकारच्या सेवेत होते. एखाद्या राष्ट्राने एका क्षेत्रात केलेले सत्कृत्य त्याची दुसरी पापे धुऊन टाकत नाही. आणि ती पापे त्या सत्कृत्याला खोटेही ठरवत नाहीत. हे दोन्ही आपण ध्यानी धरले पाहिजे.

महासत्तांच्या दारात

कुंपण घालून भागत नाही. बाहेरच्याने ते मानले पाहिजे. म्हणून या कराराला दोन पूरक करार जोडण्यात आले होते. पहिला, या प्रदेशात वसाहती वा ताब्यातील भूभाग असलेल्या देशांसाठी. दुसरा, पाच अण्वस्त्रधारी राष्ट्रांसाठी : त्यांनी हा प्रदेश अण्वस्त्रमुक्त मानावा आणि करारातील देशांविरुद्ध अण्वस्त्र वापरू नये, वापरण्याची धमकीही देऊ नये.

ब्रिटनने दुसऱ्या पूरक करारास १९६९ साली मान्यता दिली, अमेरिकेने १९७१ साली. फ्रान्स आणि चीन हे दोन्ही देश त्या काळी अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या बाहेर होते आणि १९९२ पर्यंत बाहेरच राहिले. तरी १९७४ साली या दोघांनी लॅटिन अमेरिकेला हे वचन दिले. सोव्हिएत संघ सर्वांत मागे राहिला. पनामा कालव्यातून अण्वस्त्रांची वाहतूक होऊ शकते, ही त्याच्या आक्षेपांपैकी एक तक्रार होती आणि वाहतुकीबाबत करार स्पष्ट बोलत नाही, हे खरेच होते. अखेर १९७९ साली सोव्हिएत संघानेही अनुमोदन दिले. एका करारासाठी पाच दारे ठोठावत गार्सिया रोब्लेस बारा वर्षे वाट पाहत राहिले. अण्वस्त्रधारी पाचही राष्ट्रांनी असे बंधन स्वीकारण्याची ती पहिलीच वेळ होती.

याच काळात जिनिव्हा येथे अठरा राष्ट्रांच्या समितीत अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची चर्चा चालली होती. मेक्सिको, भारत, स्वीडन, ब्राझील हे तटस्थ देश तीत होते. १९६८ साली सह्यांसाठी खुला झालेल्या त्या करारावर मेक्सिकोच्या सूचनांचा ठसा आहे. प्रादेशिक अण्वस्त्रमुक्त क्षेत्रे निर्माण करण्याचा राष्ट्रांचा हक्क त्यात मान्य झाला आणि महासत्तांनी निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात, असे कर्तव्यही त्यात घालण्यात आले. पाच राष्ट्रांनी बाँब ठेवायचे आणि बाकीच्यांनी ठेवायचे नाहीत, हा भेदभाव मान्य नसल्याने भारताने त्यावर सही केली नाही. गार्सिया रोब्लेस यांनाही तो भेदभाव खुपत होता. परंतु करारात शिरून महासत्तांना त्यांच्या शब्दाची वारंवार आठवण करून द्यावी, हा मार्ग त्यांनी पत्करला. तक्रार तीच, वाटा दोन. भारताने १९७४ व १९९८ साली चाचण्या केल्या. मेक्सिकोने बाँबचा मार्ग कधीच धरला नाही. दोन्ही देशांच्या सीमा, शेजारी आणि भये वेगळी होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नोबेल आणि निराशा

१९७१ ते १९७५ या काळात गार्सिया रोब्लेस संयुक्त राष्ट्रसंघात मेक्सिकोचे प्रतिनिधी होते. त्यानंतर सुमारे वर्षभर ते परराष्ट्रमंत्री होते. १९७७ पासून त्यांनी जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरण समितीत मेक्सिकोची बाजू सांभाळली. १९७८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे निःशस्त्रीकरणावरील पहिले विशेष अधिवेशन भरले. तेथे शंभराहून अधिक देशांच्या परस्परविरोधी सूचनांमधून सर्वांना मान्य होईल असा अंतिम दस्तऐवज तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटा फार मोठा होता.

तो दस्तऐवज एकमताने संमत झाला आणि कपाटात पडला. लवकरच महासत्तांमधील तणाव वाढला, युरोपात नवी क्षेपणास्त्रे उभी राहिली. १९८२ साली दुसरे विशेष अधिवेशन भरले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला संदेश कार्डिनल कासारोली यांच्या हस्ते तेथे पाठविला. अण्वस्त्रांच्या धाकावर टिकलेली शांतता ही निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील टप्पा म्हणूनच नैतिकदृष्ट्या सहन करता येईल, तेथेच मुक्काम ठोकता येणार नाही, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय होता. जगभरातील जनतेत जागृती करण्याची मोहीम एवढेच त्या अधिवेशनातून निष्पन्न झाले. ही मोहीमही गार्सिया रोब्लेस यांच्याच पाठपुराव्याचे फळ होती.

त्याच वर्षी त्यांच्या कराराची कठीण परीक्षा झाली. दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात युद्ध झाले. ब्रिटिश युद्धनौकांवर अण्वस्त्रे होती काय, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. काही नौका आण्विक पाणसुरुंगांसारखी अस्त्रे घेऊन निघाल्या होत्या, हे ब्रिटनने २००३ साली मान्य केले. आपण कराराचा भंग केला नाही, अशी ब्रिटनची भूमिका राहिली. कुंपणाच्या किती जवळून संकट गेले होते, हे जगाला एकवीस वर्षांनी कळले.

१९८२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक गार्सिया रोब्लेस आणि स्वीडनच्या आल्वा मिर्दाल यांना विभागून देण्यात आले. मिर्दालबाई पूर्वी भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या आणि जिनिव्हातील चर्चांत त्यांनी अनेक वर्षे महासत्तांना खडे बोल सुनावले होते. नोबेल मिळविणारे गार्सिया रोब्लेस हे पहिले मेक्सिकन. पारितोषिक घेऊन ते जिनिव्हाच्या त्याच सभागृहात, त्याच खुर्चीवर, त्याच मसुद्यांकडे परत गेले.

अखेरचे दिवस आणि नंतर

त्यांच्या कराराला सर्वांत मोठे भगदाड होते ते दक्षिणेकडे. ब्राझीलने करारास अनुमोदन दिले होते, पण अटींवर पाणी सोडले नव्हते. अर्जेंटिनाने तर अनुमोदनही दिले नव्हते. दोन्ही देशांत लष्करी राजवटी होत्या, दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहत आणि दोघांनीही युरेनियम समृद्ध करण्याचे तंत्र तपासणीच्या कक्षेबाहेर हस्तगत केले होते. शांततेसाठी अणुस्फोट करण्याचा हक्कही ते सांगत. १९८३ साली अर्जेंटिनात आणि १९८५ साली ब्राझीलमध्ये मुलकी सरकारे आली, तेव्हा बर्फ वितळू लागला. एकमेकांची केंद्रे पाहण्यास शास्त्रज्ञ व नेते जाऊ लागले. अखेर १८ जुलै १९९१ रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे दोन्ही देशांनी अणुशक्तीचा केवळ शांततेसाठी वापर करण्याचा आणि परस्परांची तपासणी करण्याचा करार केला.

त्यानंतर दीड महिन्यांनी, २ सप्टेंबर १९९१ रोजी, मेक्सिको शहरात वयाच्या ऐंशीव्या वर्षी अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांनी देह ठेवला.

१९९४ साली अर्जेंटिना, चिली आणि ब्राझील हे तिन्ही देश त्लातेलोल्को कराराने पूर्णपणे बांधले गेले. क्यूबाने १९९५ साली सही केली आणि २००२ साली अनुमोदन दिले. ज्या बेटामुळे हे सारे सुरू झाले, तेच बेट सर्वांत शेवटी आत आले आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशातील तेहतीसही देश एका कुंपणात उभे राहिले. त्याच नमुन्यावर दक्षिण पॅसिफिक, आग्नेय आशिया, आफ्रिका आणि मध्य आशिया यांनी आपापले करार केले.

कागदाने बाँब थांबतो काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गार्सिया रोब्लेस यांच्या कराराने महासत्तांच्या कोठारातील एकही बाँब कमी केला नाही. ज्यांच्याकडे बाँब नव्हते, त्यांनीच तो केला होता. उत्तर कोरियाने २००३ साली प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि २००६ साली चाचणी केली. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करणारा १९८७ सालचा अमेरिका-सोव्हिएत करार २०१९ साली संपुष्टात आला. दोन्ही देशांच्या मोठ्या अस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या २०१० सालच्या करारातील आपला सहभाग रशियाने २०२३ साली स्थगित केला. त्या कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. करार मोडता येतात, टाळता येतात, त्यांची मुदत संपते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहावे. १९८०च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे सत्तर हजार अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे बारा हजार आहेत. ही घट युद्धाने झाली नाही. वाटाघाटी, करार आणि तपासणी यांच्या वातावरणात झाली. अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यातील बदल एकट्या कराराने घडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दोन्ही देशांत लोकशाही आली, विश्वास वाढला, पैशांची चणचण होती. मात्र ते बदलण्यास तयार झाले, तेव्हा शिरण्यासाठी एक घर आधीच बांधून तयार होते. सत्तावीस वर्षे त्याचे दार उघडे होते. करार माणसाला सज्जन करीत नाही. सज्जनपणाची इच्छा झाली, की तिला उभे राहण्यास तो जागा देतो आणि एकदा उभी राहिली, की तिला सहजासहजी मागे फिरू देत नाही.

२०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघात १२२ देशांनी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार संमत केला. तो सह्यांसाठी खुला झाला त्या पहिल्याच दिवशी व्हॅटिकनने सही केली आणि अनुमोदनही दिले. २०२१ साली तो लागू झाला. एकाही अण्वस्त्रधारी राष्ट्राने त्यावर सही केलेली नाही. २०१९ साली हिरोशिमात उभे राहून पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्र वापरणे अनैतिक असल्याचे सांगितले, आणि ते बाळगण्याचाही निषेध केला. त्या करारालाही आज अनेकजण चिटोरे म्हणतात. त्लातेलोल्कोच्या करारालाही १९६७ साली काहींनी तसेच म्हटले होते.

दर फेब्रुवारीत आपण संत गोन्सालोंचे स्मरण करतो, तेव्हा त्यांच्याशेजारी क्रुसावर असलेल्या मेक्सिकोच्या संत फेलिपेंचेही करावे. आणि त्यांच्या शहरातील त्या मुत्सद्द्याचेही करावे, ज्याने महासत्तांच्या युगात आपले सारे आयुष्य शब्दांवर घालविले. दिलेला शब्द पाळणे आणि दुसऱ्याने दिलेल्या शब्दाची त्याला न कंटाळता आठवण करून देणे, एवढेच त्यांचे शस्त्र होते. बांधावरचा तंटा असो वा बाँबचा, हे शस्त्र आपल्याही हाती आहे.